‘मोटर हलली की रोटर बॅलन्सिंगला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

रोलिंग मिलच्या (पोलाद लाटणाऱ्या कारखान्याच्या) मेन मोटरच्या कंपनांवरच्या माझ्या लेखाखाली ‘मिलकर’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचा रोख रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, बॅलन्सिंगवर आहे: त्याचं वजन सगळीकडून सारखं करून घेणं. काही गाळलं असा आरोप नको, म्हणून ती जशीच्या तशी देतो: “एसीत बसून लिहिलेला लेख. ग्राफवर युनिट नाही. मिलची मोटर हलली की रोटर काढून बॅलन्सिंगला पाठवायचा, दोन दिवसांत काम फत्ते, बाकी सगळं पुस्तकी. आमच्या मोटरवर सहा मिलिमीटर वर्षानुवर्षं आहे, काय बिघडलं? कोकणातल्या हवेत तुमचे तक्ते चालत नाहीत.”

मिलकर साहेब, ग्राफवर युनिट नव्हतं हे खरं. उभ्या अक्षावर मिलिमीटर प्रति सेकंद, आरएमएस (कंपनाच्या वेगाची एक प्रकारची सरासरी), असं आता घातलं आहे. आभार.

आता ‘एसीत बसून’. माझी नोकरी तळोजा-खोपोली पट्ट्यातल्या री-रोलिंग मिलच्या मेंटेनन्समध्ये गेली. तिथे एसी फक्त पॅनेल रूमला असतो, तोही ड्राइव्हसाठी (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रासाठी). मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा, पण माणूस कुठे बसतो यावरून मुद्दा खोटा ठरत नाही. टोपणनावाआडून असं बोलणं सोपं असतं, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

तुमचं ‘रोटर काढून बॅलन्सिंगला’ हे वाक्य मात्र सोडणार नाही, कारण ते वाचून उद्या कोणी खरंच रोटर काढेल. ७५० सिंक्रोनसची (५० हर्ट्झ सप्लायवर जिचं चुंबकी क्षेत्र मिनिटाला ७५० फेरे घेतं अशी), म्हणजे आठ पोलची स्लिपरिंग मोटर (रोटरला रिंगा आणि ब्रशमधून बाहेरचा रेझिस्टन्स जोडलेली) घ्या. फुल लोडला ७४० आरपीएम. फेऱ्यांची वारंवारता १२.३ हर्ट्झ. असमतोल असेल तर तो याच १२.३ वर दिसेल, दुसरीकडे नाही. तुमच्या मीटरवर जे ‘सहा’ (मिलिमीटर प्रति सेकंद) येतं ते सगळ्या वारंवारतांचं एकत्रित माप आहे. त्यातले किती १२.३ वर आहेत, किती २४.७ वर (त्याच्या दुपटीवर) आणि किती १०० वर, हे पाहिलंत का? प्रतिक्रियेत तरी त्याचा पत्ता नाही.

१०० हर्ट्झ म्हणजे सप्लायच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट. तिथे मोठा आकडा असेल तर एअर गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट) सगळीकडे सारखा नाही, स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) वेडावाकडा बसलाय किंवा पाय नीट टेकलेले नाहीत. यातलं एकही दुखणं बॅलन्सिंग मशीनवर जात नाही. रोटर जाऊन येईल, बिल येईल, मोटर तशीच हलेल. (मोटर ड्राइव्हवर असेल तर ५० च्या जागी ड्राइव्हची त्या वेळची आउटपुट फ्रिक्वेन्सी धरा. १०० चा हट्ट धरू नका.)

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. दोन बिलेटच्या (लाटायच्या पोलादी कांड्यांच्या) मधे, स्टँड (रोलची चौकट) रिकामा असताना, सेन्सर बेअरिंग हाउसिंगवर ठेवून ब्रेकर ट्रिप करा. फ्लायव्हील (जड चाक) असल्यामुळे आरपीएम लगेच पडत नाहीत. म्हणजे सप्लाय गेला पण फेऱ्या जवळजवळ तेवढ्याच, इतकी स्वच्छ चाचणी साध्या पंपाच्या मोटरलाही मिळत नाही. ब्रेकर उडताक्षणी जे कंपन नाहीसं होतं ते विद्युत. जे तसंच राहून आरपीएमबरोबर हळूहळू उतरतं ते यांत्रिक. उतरताना मधेच एखाद्या वेगाला कंपन उसळून पुन्हा बसलं, तर रेझोनन्स आहे, म्हणजे त्या वेगाला पाया किंवा सांगाडाच साथ देऊन हलतो. फाउंडेशनकडे बघा. एक सावधगिरी: पुन्हा स्टार्ट करण्याआधी लिक्विड स्टार्टरचे (सुरू होताना रोटरला द्रवाचा रेझिस्टन्स जोडणाऱ्या टाकीचे) इलेक्ट्रोड पूर्ण रेझिस्टन्सवर परत गेलेत याची खात्री करा, आणि एका शिफ्टमध्ये चारदा ट्रिप-स्टार्टचा खेळ करू नका.

यानंतर कपलिंग सोडून मोटर एकटी चालवा. कंपन गेलं तर अलाइनमेंट (दोन शाफ्ट एका रेषेत असणं), गिअरबॉक्स, पिनियन स्टँड, स्पिंडल या मोटरपुढच्या बाजूला शोधा. २४.७ वरचा आकडाही बहुधा इथेच सापडतो. अलाइनमेंट थंड मोटरवर डायल लावून शून्यावर आणलं असेल तर तेही तपासा. शाफ्टची उंची ५०० मिमी आणि तापमानवाढ ४० अंश धरली तर मोटर साधारण ०.२३ मिमी वर येते. थंडीत शून्य म्हणजे गरम झाल्यावर शून्य नव्हे.

आणि मग पाय. पायाखाली पोकळी असलेली मोटर म्हणजे एक पाय आखूड असलेला पाट. चारही बोल्ट आवळा, डायलचा मॅग्नेटिक बेस सोल प्लेटवर (पायाखालच्या लोखंडी पाटावर), डायलचं टोक मोटरच्या पायावर. एकच बोल्ट सोडा, डायल वाचा, पुन्हा आवळा, मग पुढचा. दोन बोल्ट एकदम सोडले की रीडिंगला अर्थ उरत नाही. ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचललं तर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला, पण त्याआधी फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) पायाच्या चारही कोपऱ्यांत फिरवा. फट एका कोपऱ्यात ०.२ आणि समोरच्या कोपऱ्यात शून्य असेल तर सपाट शिम घालून उपयोग नाही, पाय किंवा सोल प्लेट मशीन करावी लागते. एका पायाखाली तीन-चार शिमच्या वर गेलात तर तो गठ्ठा स्प्रिंगसारखा दबतो.

कोकणातल्या हवेची आठवण तुम्ही मला करून दिलीत, पण ती लागू इथेच होते आणि तुमच्याच विरुद्ध. खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांत माइल्ड स्टीलची शिम पापुद्र्यांनी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. आधी तो पाय उचलतो, मग हादऱ्यांनी त्याचा भुगा होतो आणि बोल्ट ढिला पडतो. जूनमध्ये बरोबर बसलेली मोटर गणपतीनंतर हलू लागली तर रोटरमधलं वजन पावसात वाहून गेलेलं नसतं. स्टेनलेसच्या शिम वापरा आणि पावसाळा सरला की बोल्टचा टॉर्क एकदा पाहा. खाडीकाठच्या मऊ चिकणमातीवर भराव घालून उभारलेल्या शेडमध्ये फाउंडेशनची लेव्हलही तपासा. गिअरबॉक्सचा पाया आणि मोटरचा पाया वेगळे असतील तर ते सारखे खचत नाहीत.

स्लिपरिंगचंही तेच. ओल, स्केलची (तापलेल्या पोलादावरच्या पापुद्र्यांची) धूळ, ब्रशच्या कार्बनची पूड. एका फेजचा ब्रश नीट टेकत नसेल किंवा इलेक्ट्रोड असमान झिजला असेल, तर लोडवर ॲमीटरचा काटा एका ठेक्यात डोलतो. वरच्या मोटरला १० आरपीएम स्लिप (७५० आणि ७४० मधला फरक), गुणिले आठ पोल, म्हणजे मिनिटाला ८० वेळा. हे मोजायला घड्याळ पुरतं. याला बॅलन्सिंगवाला काय करणार?

बॅलन्सिंग कधीच नको असं मी म्हटलेलं नाही. चाचण्या १२.३ कडेच बोट दाखवत असतील आणि मोटर एकटीही हलत असेल, तर जरूर करा. जी २.५ ग्रेड (उरलेला असमतोल किती चालेल याची ठरलेली मर्यादा) मागा. तीन टनांच्या रोटरला ७४० आरपीएमवर, ४०० मिमी त्रिज्येवर, दोन्ही बाजू मिळून सुमारे २४० ग्रॅम इतका उरलेला असमतोल चालतो. सर्टिफिकेटवर आधीचा आणि नंतरचा आकडा मागून घ्या. आधीचाच २४० च्या आत असेल, तर रोटर उगाच फिरून आला.

‘सहा मिलिमीटर, काय बिघडलं’ याला एवढंच: ३०० किलोवॅटवरच्या, घट्ट पायावरच्या मोटरला आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकांच्या) तक्त्यात ४.५ मिलिमीटर प्रति सेकंदाच्या पुढे ७.१ पर्यंतचा पट्टा ‘फार काळ चालवू नये’ असा आहे. तुम्ही चालवताय. हौस तुमची, बेअरिंग तुमचं. तेही खरेच सहा असतील तर. ६०० आरपीएमखालच्या मोटरला मीटर २ हर्ट्झपासून मोजणारा हवा, १० पासूनचा मीटर तिथे कंपन कमी दाखवतो.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आडवं, उभं आणि अक्षाच्या दिशेचं रीडिंग वेगवेगळं लिहा. आडवं उभ्याच्या कितीतरी पट असेल तर आधी बोल्ट आणि ग्राउट (सोल प्लेटखालचा काँक्रीटसारखा भरणा) बघा. सोबत ब्रेकर ट्रिप केल्यावर काय झालं तेही कळवा. मी कुठे बसतो ते नाही लिहिलंत तरी चालेल.