प्लेस्टेशन ५ आणि नागपूरचा उन्हाळा : एक खुलासा

नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ५ या व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्रातील धातू वितळून ओघळतो आणि त्यामुळे यंत्राचा वेगही आपोआप मंदावतो, असा एक संदेश सध्या शहरात फिरतो आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत. मुख्य चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता शोषून बाहेर टाकणारा भाग) यांच्यामधील तो धातू नेहमीच्या खोलीतही द्रवच असतो, त्यामुळे उन्हाने वितळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तो सांडू नये म्हणून चिपभोवती बंदिस्त कडा दिलेली असून, यंत्र उभे वा आडवे ठेवता येईल अशीच त्याची रचना आहे.

वेगाचा मुद्दा अधिक रंजक आहे. या यंत्राचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्येच स्पष्ट केले होते की चिपचा वेग तिच्या तापमानावर नव्हे, तर तिच्यावरील कामाच्या भारावर ठरतो, जेणेकरून थंड गावातील आणि तापलेल्या शहरातील यंत्र सारखेच चालावे. यंत्राचा आकार अवाढव्य आहे (शोकेसच्या कप्प्यात ते मावत नाही, ही तक्रार रास्तच), परंतु तो मुख्यतः ते थंड राखणाऱ्या भल्यामोठ्या हीटसिंकमुळे आणि १२० मिलिमीटर व्यासाच्या पंख्यामुळे.

मात्र कंपनीने वापरासाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिली आहे, म्हणून पारा ४५ वर असताना बंद, तापलेल्या खोलीत यंत्र चालवू नये.