कन्नौज एका दिवसात उरका

उत्तर प्रदेशात फिरून आलो असं सांगायचं तर काशी, अयोध्या आणि आग्रा ही तीन नावं पुष्कळ झाली. सोसायटीच्या गणपतीत चौथं नाव कोणी विचारत नाही. तरीही एखाद्याच्या डोक्यात अत्तराच्या कन्नौजचं खूळ शिरतंच. रात्री अकराला मोबाइलवर तांब्याची भांडी, धूर आणि गुलाबाच्या पाकळ्यांचे ढीग दिसतात, आणि सकाळी माणूस रजेचा अर्ज टाकतो. तुमचंही तसं झालं असेल तर खालच्या सूचना नीट वाचा. त्या पाळल्यात तर कन्नौजला जाऊनही कन्नौज तुम्हाला कुठे लागणार नाही, याची हमी देतो.

आधी जायचं कसं. मुंबईहून पुष्पक पकडून कानपूरला उतरा. तिथून कन्नौज साधारण ऐंशी किलोमीटर. फर्रुखाबादच्या लाइनवरची गाडी जाते, जीटी रोडने बसही जाते. पण तुम्ही ही दोन्ही साधनं टाळा. त्यांत शेजारी माणसं बसतात आणि बोलतात. एसी गाडी ठरवा, काचा घट्ट लावा आणि ड्रायव्हरला पहिलाच प्रश्न टाका, ‘उधर देखने लायक क्या है?’ तो थोडा वेळ विचार करून म्हणेल, ‘इत्र है, साहब.’ मग तुम्ही म्हणायचं, ‘वो ठीक है, लेकिन पॉइंट कौन कौन से है?’ महाबळेश्वरला पॉइंट असतात, माथेरानला असतात, माळशेज घाटालासुद्धा असतात. ज्या गावाला पॉइंट नाहीत त्या गावाला आपण जायचं कशाला, हे त्याला समजावून सांगा. वाटेत बटाट्याची शेतं आणि कोल्ड स्टोरेजच्या भल्या थोरल्या इमारती लागतील, कारण हा जिल्हा अत्तराइतकाच बटाट्यावर जगतो. त्यावर ‘मंचरलाही बटाटा होतो’ एवढं बोलून डोळे मिटा.

जाण्यापूर्वी इतिहासाची तयारी मात्र हवी. मराठी माणूस इतिहासाशिवाय घराबाहेर पडत नाही. कन्नौज ही सम्राट हर्षाची राजधानी. 606 ते 647 ही त्याची कारकीर्द. याच काळात ह्युएन त्संग इथे येऊन राहिला आणि शहराच्या वैभवाबद्दल भरभरून लिहून गेला. तुम्हाला यातलं एकच वाक्य पाठ हवं, ‘त्या हर्षाला आमच्या पुलकेशीने नर्मदेवर अडवलं.’ हॉटेलच्या काउंटरवर, चहाच्या टपरीवर, अत्तराच्या दुकानात, संधी मिळेल तिथे हे ऐकवा. लोक नम्रपणे ‘अच्छा?’ म्हणतील आणि चहा घेणार का विचारतील. खचू नका. लगेच इंद्र तिसरा काढा. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांनी कोरवलं, त्याच घराण्यातला हा राजा. 916 च्या सुमारास त्याने थेट कन्नौजवर धडक मारली आणि तिथल्या प्रतिहार घराण्यातल्या राजा महीपालाला पळवून लावलं. शत्रूचं नगर समूळ उखडून टाकलं, अशी फुशारकी पुढे ताम्रपटातही कोरून ठेवली आहे. पुलकेशीची बदामी आणि इंद्राचं मान्यखेट ही दोन्ही ठिकाणं आज कर्नाटकात आहेत, हे तेवढं बोलू नका. सीमाप्रश्न कानपूरच्या पलीकडे नेण्यात अर्थ नाही.

खरं तर एकदिवसीय कन्नौज दर्शनाची पद्धत या राष्ट्रकूटांनीच घालून दिली आहे. बंगालचे पाल, प्रतिहार आणि हे आपले दख्खनचे, असे तिघे जवळजवळ दोनशे वर्षं या एका शहरासाठी भांडले. त्यात राष्ट्रकूट पुन्हापुन्हा इतक्या लांब गेले, जिंकले आणि सामान बांधून परत आले. राहायला कोणी थांबलं नाही. गेलो, झेंडा लावला, आलो. आजच्या कुठल्याही टूर कंपनीला याहून आटोपशीर कार्यक्रम जमलेला नाही.

आता स्थळदर्शन. राजा जयचंदाचा किल्ला म्हणून जे दाखवतात ते मातीचं टेकाड आहे. हजार वर्षांत या शहरावर गझनीचा महमूद येऊन गेला, 1540 मध्ये इथल्याच गंगाकाठी शेरशहाने हुमायूनला असं हरवलं की तो हिंदुस्थान सोडून गेला, आणि उरल्यासुरल्या विटा लोकांनी घरं बांधायला नेल्या. पण तुम्ही महाराष्ट्रातून आलेले. किल्ल्यांच्या बाबतीत निकाल द्यायचा अधिकार तुमचाच. टेकाडाच्या पायथ्याशी उभं राहून, कमरेवर हात ठेवून म्हणा, ‘याला किल्ला म्हणतात? आमचा राजगड बघा एकदा.’ गंगेच्या सपाट मैदानात सह्याद्री का नाही, याचा जाब कोणाला तरी विचारायलाच हवा. संग्रहालयात प्रतिहारकालीन शिल्पं आहेत, ती चांगली आहेत, म्हणून तिथे फार वेळ घालवू नका. गौरीशंकराच्या देवळात नमस्कार करा. झालं स्थळदर्शन. अकरा वाजले असतील.

अत्तराची भट्टी बघायची असेल तर मात्र वेळ अचूक चुकवावी लागते. फुलं उजाडायच्या आत खुडली जातात आणि ऊन चढायच्या आत भट्टीवर येतात, कारण ऊन लागलं की वास उडतो. म्हणून तुम्ही जेवून दुपारी दीडला जा. तोंडी लावायला पुण्याहून आणलेला चिवडा असेलच. सकाळी गावात कचौडी, रस्सेदार आलू आणि दही-जिलबी मिळते, पण परक्या मुलखात पोटाशी खेळ नको.

आत गेल्यावर काय दिसेल ते सांगून ठेवतो, म्हणजे निराशा आधीच पदरात पडेल. मातीच्या चुलाण्यांवर तांब्याच्या मोठ्या देगी मांडलेल्या असतात. मोठ्या देगीत शंभरेक किलो फुलं आणि पाणी मावतं. वर झाकण, आणि झाकणाच्या कडेने कापूस मळलेल्या मातीचं लिंपण. झाकणातून बांबूचा चोंगा निघतो, दोरीने गुंडाळलेला, आणि खाली पाण्याच्या टाकीत बसवलेल्या लांब मानेच्या भांड्यात शिरतो. त्या भांड्याला म्हणतात भपका. भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. फुलांची वाफ बांबूतून येते, भपक्यात थंड होते आणि तिचा वास तेलात मुरतो. पाणी खाली राहतं, ते काढून पुन्हा देगीत ओततात. दुसऱ्या दिवशी नवी फुलं, तेल मात्र तेच. तेल पुरतं सुवासलं असं कारागिराला वाटेपर्यंत हे रोज चालतं.

या सगळ्यात थर्मामीटर नाही, काटा नाही, घड्याळाकडेही कोणी बघत नाही. एक उघडाबंब म्हातारा माणूस चुलाण्याशी उकिडवा बसलेला असतो. तो मधूनच देगीला कान लावतो, आतली उकळी ऐकतो आणि एक लाकूड बाहेर ओढतो. मग टाकीत हात घालून भपक्याची मान चाचपतो. किती गरम झालं, किती भरलं, ते त्याचा तळहात सांगतो. जाळ जास्त झाला तर फूल करपतं आणि अख्ख्या घाण्याला धुराचा वास लागतो. कमी झाला तर वाफ बांबूतच अडकते. तुम्ही त्याला विचारा, ‘टेंपरेचर कितना रखते हो?’ तो हसेल. मग विचारा, ‘मशीन क्यों नहीं लगाते?’ तो पुन्हा हसेल. मग आपल्याच माणसांकडे वळून मराठीत सांगा की या लोकांना मार्केटिंग कळत नाही. या प्रसंगी हे वाक्य बोलल्याशिवाय आयटीतला माणूस भट्टीबाहेर पडू शकत नाही, असा अनुभव आहे.

फोटो काढा, भरपूर काढा. त्यात काळवंडलेल्या भिंती, गोवऱ्यांचा ढीग आणि घामेजलेली माणसं येतील. जे बघायला आलात ते एकाही फोटोत येणार नाही, त्याला कंपनी काय करणार? ग्रुपवर टाकलंत तर मावशी विचारेल, ‘हे काय, गूळ करतायत का?’ अंगठा पाठवून विषय संपवा.

मातीच्या अत्तराबद्दल वेगळं सांगायला हवं. कोरडी माती थापून भाजतात, ती देगीत टाकतात आणि पहिल्या पावसाचा वास चंदनात उतरवतात. ऐन मे-जूनच्या काहिलीत, पाऊस पडायच्या आधी. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ओल्या मातीला वास का येतो यावर निबंध लिहिला. इथले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तो वास बाटलीत भरून विकत होते. तुम्ही मात्र घेऊ नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खणलेल्या प्रत्येक रस्त्यावर हाच वास महापालिका फुकट पुरवते.

आता मुख्य कार्यक्रम, खरेदी. बडा बाजारच्या एखाद्या जुन्या दुकानात शिरलात की आधी बसायला सांगतील. पांढऱ्या गादीवर लोड असतात. बसू नका, बसलं की भाव वाढतो असं समजून चाला. दुकानदार काडीला कापूस गुंडाळून मनगटावर एक रेघ ओढेल आणि म्हणेल, ‘दस मिनट रुकिए, फिर सूँघिए.’ खस, हिना, केवडा, बेला, शमामा. दहा मिनिटं थांबायला सांगतोय म्हणजे काहीतरी लपवतोय. तुम्ही ताबडतोब हुंगा, एकापाठोपाठ एक, पाचही हुंगा, आणि सगळ्यांचा वास सारखाच आहे असं जाहीर करा. मग ठेवणीतलं हिंदी बाहेर काढा, ‘भैय्या, हम इतने लांब से आया है, कुछ तो कमी करो.’

इथे एक व्यवहार समजून घ्या. अत्तराला चंदनतेल लागतं, आणि चंदनतेलाचा किलोचा भाव कधीच लाखापलीकडे गेला. गुलाबाची निव्वळ रूह, म्हणजे चंदनाशिवायचं शुद्ध तेल, घ्यायची तर किलोभर तेलामागे काही टन पाकळ्या जातात, तिचा हिशोबही लाखांतच. दुकानदार तुम्हाला हे सांगेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुळशीबागेत दीडशेला मिळते ती बाटली इथे, उत्पादकाच्या दारात, शंभरला मिळालीच पाहिजे. अडून बसलात तर मिळेलही. तो खालच्या फळीवरची बाटली काढेल. तिच्यात चंदनाच्या जागी लिक्विड पॅराफिन असेल आणि गुलाबाच्या जागी बहुतेक रसायन. ती शंभराला पडली या आनंदात पाच घ्या. एक मामांना, एक वहिनींना, उरलेल्या देवाजवळ. तुमच्यासारखे चोखंदळ गिऱ्हाईक वाढत गेले तसे चंदनाचे भपके कमी होत गेले, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

गावाचं मोठं गिऱ्हाईक मुळात तुम्ही नाहीच. इथलं बरंचसं अत्तर जातं पानमसाला आणि सुगंधी तंबाखूत. म्हणजे कन्नौज तुम्ही रोज पाहता. स्टेशनच्या जिन्यात, कोपऱ्यात, खालपासून साधारण गुडघ्याच्या उंचीपर्यंत. आपल्याकडे 2012 पासून गुटखाबंदी आहे, त्यामुळे तो रंग कसला हे कोणी विचारलं तर हेरिटेज म्हणून सांगावं.

कन्नौजमध्ये तुम्हाला कोणीही ‘बंबई से?’ असं विचारेल. तुम्ही सांगलीचे असा, चंद्रपूरचे असा, तिकडे सगळे बंबईचेच. पुणेकरांनी इथे शांत राहावं. सदाशिव पेठ आणि अंधेरी यांतला फरक समजावत बसलात तर गाडी चुकेल. विचारणाऱ्याचा भाऊ, मेव्हणा किंवा पुतण्या नालासोपाऱ्याला किंवा भिवंडीला असतोच. तो नंबर देईल, चहाचे पैसे देऊ देणार नाही, वर गट्टा या तिथल्या मिठाईची पुडी हातात ठेवेल. आपल्याकडे याच माणसाला आपण कोणत्या सुरात हाक मारतो ते आठवून थोडं अवघडल्यासारखं होईल. घाबरू नका, कल्याण येईपर्यंत ते उतरतं.

परतीच्या प्रवासात बाटल्या बॅगेत आडव्या ठेवा. त्यांची बुचं तशीही शंभर रुपयांचीच असतात. झाशीच्या आसपास एक बाटली गळेल, चिवड्याला गुलाबाचा वास लागेल आणि मग अख्ख्या डब्याला. समोरच्या बर्थवर एक पोरगा असेल, वसईला फरशा बसवणारा, कन्नौजकडचाच. तो नाक वर करेल. बाटली कितीला घेतली असेल, आत काय आहे आणि काय नाही, हे सगळं त्याला एका श्वासात कळेल, कारण त्याचा बाप आयुष्यभर देगीपाशी बसला आहे. पण तो एक शब्द बोलणार नाही. स्वतःची पिशवी मांडीवर घेईल आणि तुमच्या ओल्या बॅगेला बाकाखाली जागा करून देईल. तुम्ही बॅग ठेवा, हात पुसा आणि त्याला विचारा, ‘रिझर्वेशन है क्या?’