खुलासा : हैदराबादवरची कारवाई एका रात्रीत ठरली नव्हती

१७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की आपल्या मराठवाड्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: 'पटेलांनी नेहरूंना न सांगता रातोरात सैन्य घुसवलं.' हे खरं नाही. हैदराबाद संस्थानाच्या निजामाशी नोव्हेंबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करार, म्हणजे तूर्त आहे तीच व्यवस्था चालू ठेवण्याचा करार, झाला होता. नंतर महिनोन्‌महिने बोलणी चालली. लष्करी आराखडाही सदर्न कमांडच्या (लष्कराच्या दक्षिण विभागाच्या) जनरल गोडार्ड यांनी आधीच केला होता. पटेल घाईचे, नेहरू सबुरीचे, सरसेनापती बुचर तर धास्तावलेले. मतभेद खरेच होते. पण अखेरचा निर्णय सरकारचा होता, नेहरूंच्या संमतीने. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून फौजा नळदुर्गात शिरल्या. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. रझाकारांचे (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेचे) अत्याचार सोसलेल्या आपल्या आजी-आजोबांचा इतिहास आहे हा.