मुंबई-कोल्हापूर १९०८, जुहूची धावपट्टी आणि दादामामाची वही

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. एक पोरगा सांगतोय की आपल्याकडे मोटर रेसिंग वगैरे कधी नव्हतंच, २०११ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन आलं तिथून सगळं सुरू झालं. आणि खाली आपलीच मंडळी अंगठे दाखवतायत, मस्त माहिती, शेअर करतोय. अरे कसली मस्त माहिती? त्या पोरावर राग नाहीये माझा, त्याला कुणी सांगितलंच नसेल तर तो काय करणार. राग आपल्यावर आहे, आपल्या सगळ्यांवर.

१९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची रिलायबिलिटी ट्रायल झाली होती. १९०८! एकूण ६२० मैल, वाटेत सहा घाट, आणि अट नुसती पोचायची नाही तर गाडी वाटेत बंद न पडता पोचायची. रोल्स-रॉईस कंपनी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची, त्यांनी एक गाडी खास पाठवली होती, तिचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट'. ती जिंकली, पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली आणि आपल्याकडच्या राजेरजवाड्यांना रोल्स-रॉईसचं जे वेड लागलं त्यात ह्या ट्रायलचा मोठा हात होता. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गाडीची परीक्षा आपल्या घाटात झाली हो! डांबर नाही, खडी आणि धूळ, समोरून बैलगाड्या, चढावर रेडिएटर उकळायला लागला की थांबायची सोय नाही. इंग्लंडमधले रोल्सचे चाहते ही गोष्ट आजही सांगतात. त्यात गाडीचं नाव आहे, चालवणाऱ्या साहेबाचं नाव आहे. घाटात चाकामागे दगड लावायला, पाणी घालायला, टायर ओढायला जे उभे होते त्यांची नावं नाहीत. ती लिहिणं आपलं काम होतं.

आता दादामामाबद्दल सांगते, जुन्या मित्रमैत्रिणींनी ऐकलंय आधी, पण आज परत सांगणार.

माझा थोरला मामा ग्रँट रोडजवळ एका गॅरेजमध्ये मिस्त्री होता. साठच्या दशकात जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, त्यासाठी त्यांच्या गॅरेजमध्ये गाड्या तयार व्हायच्या. रेसच्या गाड्या म्हणजे काय, रोजच्याच फियाट. बंपर काढायचे, व्हीलकॅप काढायच्या, मागचं सीट काढायचं, हेडलाइटच्या काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची म्हणजे काच फुटली तरी धावपट्टीवर सांडणार नाही, आणि दारावर पांढऱ्या रंगानं नंबर. सोमवारी परत सगळं जागच्या जागी लावून मालक त्याच गाडीतून ऑफिसला. मामाकडे एक लाल कापडी बांधणीची चोपडी होती, दुकानदार वापरतात तसली, आणि तिच्यात प्रत्येक रेसचं टिपण. कुठला प्लग लावला, कार्बोरेटरला कितीचा जेट, टायरमध्ये हवा किती, ऊन कसं होतं, वारा समुद्राकडून होता का, कुठल्या वळणावर गाडी घसरली. पेन्सिलीनं लिहिलेलं, अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, आणि पानांच्या कोपऱ्यांवर ग्रीसचे अंगठे उमटलेले. मी चौथी-पाचवीत असेन, मामा वाचून दाखवायचा आणि मला गोष्टीच्या पुस्तकापेक्षा ते आवडायचं.

मामा गेला, चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि ती चोपडी ट्रंकेसकट भंगारात गेली. किलोवर.

ह्यावर कुणी म्हणेल की घरात जागा नसते, माणसं कुठे कुठे पुरणार. मान्य. वन बीएचके मध्ये ट्रंक कुठे ठेवणार हे मलाही कळतं. पण ती ट्रंक जायच्या आधी मी गाड्यांच्या एका संस्थेत फोन केला होता, नाव घेत नाही, की अशी अशी वही आहे, फोटो आहेत, तुम्ही ठेवाल का? तिकडून उत्तर आलं, गाडी असेल तर बोला मॅडम, कागदांचं आम्ही काय करणार. मी दोन शहरं लांब, सुट्टी टाकून पोचेपर्यंत टेम्पो गेला होता.

तिथेच माझं सगळं भांडण आहे. आपण गाड्या वाचवतो आणि गाडीची गोष्ट टाकून देतो. व्हिंटेज रॅली बघा कुठलीही. गाडी आरशासारखी चमकवलेली, हार घातलेला, मालक फेटा बांधून उभे, फोटोवर फोटो. आणि विचारा की ही गाडी इथे कशी आली, कुणी चालवली, पन्नास वर्षं ती चालती कुणी ठेवली, की मग शांतता. सरकारनंही २०२१ ला नियम केले, पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात असेल तर व्हीए सिरीजचा वेगळा नंबर, वीस हजार रुपये फी, चांगलंच आहे ते, नाहीतर त्या स्क्रॅपला गेल्या असत्या. पण गाडीबरोबर तिच्या मिस्त्रीचं नाव कुठल्या फॉर्मवर लिहायचं?

आणि हो, हे मालक लोक पदरचे पैसे घालून गाड्या जपतात, पार्टसाठी वणवण करतात, तेही खरं. ते नसते तर गाड्याही उरल्या नसत्या. एवढं बोलून पुढे जाते.

जुहूचंच घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन तिथे उतरले हे आपल्याला शाळेत शिकवलं, आणि शिकवायलाच पाहिजे. त्याच जेआरडींच्या आईंनी, सुझान टाटांनी, १९०५ मध्ये मोटार चालवली, भारतात गाडी चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांचंच नाव सांगतात, हे किती जणींना माहितीय? मी ड्रायव्हिंग शिकले तेव्हा सोसायटीतले काका गॅलरीतून बघायला उभे राहायचे, तेव्हा मला हे कुणी सांगितलं असतं तर! आणि त्याच जुहूच्या धावपट्टीवर पुढे आमच्या मामासारखे लोक हातात पाना घेऊन उभे होते, ह्याची एक पाटी नाही.

इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स म्हणून ट्रॅक आहे, १९०७ चा. १९३९ ला युद्ध सुरू झालं आणि रेस बंद पडल्या त्या कायमच्या, सगळी जागा विमानं बनवायला गेली, ट्रॅक मधेमधे तोडला. तरी लोकांनी त्या उतरत्या भिंतीचे उरलेले तुकडे धरून ठेवले, म्युझियम केलं, नुसतं सिमेंट वाचवलं नाही तर शेड, कागद, मेकॅनिकची हत्यारं. त्यांच्याकडे पैसा आहे म्हणाल. असेल. पण वही ठेवायला पैसा नाही लागत, कपाटाचा एक खण लागतो.

अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरच्या, टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉईसच्या सिल्व्हर घोस्ट मॉडेलच्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, बांधलेली चिलखती गाडी आहे, कधी गेलात तर तिच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. लष्करानं जपली म्हणून उरली. कोल्हापूरला दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते, अख्खं गाव बघायला लोटतं. म्हणजे आपल्याला प्रेम नाही असं अजिबात नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा किती जणांनी स्टेटस ठेवले, मी पण रडले. पण ती गाडी जिथे बनायची त्या कुर्ल्याच्या कारखान्यात, वालचंद हिराचंदांनी १९४४ ला काढलेल्या प्रीमियर कंपनीत, ज्यांनी तीस-तीस वर्षं दारं बसवली ते अजून आहेत, आपल्याच आजूबाजूला आहेत, डोंबिवलीत, कल्याणला, गावी परत गेलेत. त्यांना कुणी विचारलंय?

लिहिता लिहिता राग जरा निवळला. मामाचीच आठवण येतेय जास्त. हँडल मारून गाडी सुरू करायला त्यानं मला शिकवलं होतं, त्याच्या मालकाच्या एका जुन्या गाडीवर. म्हणायचा, अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेव बाळा, मूठ आवळू नकोस, इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडेल. त्याला हे त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं, जो लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी घाटातून न्यायचा. पेट्रोलला रेशन होतं तेव्हाची गोष्ट, गाडीच्या मागे कोळशाची भट्टी, चढावर दम संपला की प्यासिंजर खाली उतरून ढकलणार. उस्तादाकडून मामाकडे आणि मामाकडून माझ्याकडे एवढं आलं, आणि माझ्याकडे फक्त अंगठा कुठे ठेवायचा तेवढं उरलं. बाकी सगळं त्या चोपडीत होतं.

ही सगळी श्रीमंतांची आणि साहेबांची हौस होती, तिचा कसला इतिहास जपायचा, असंही एक जण कमेंटमध्ये म्हणणारच आहे. हौस त्यांची होती, बरोबर. काम आपल्या माणसांचं होतं.

तर आता ऐका. घरात जुने फोटो असतील, मोटारीला टेकून उभे असलेले आजोबा असतील, तर आज रात्री आईला विचारून मागे पेन्सिलीनं नाव, गाव आणि साल लिहा. गाडीचा नंबर दिसत असेल तर तोही. जुनी लायसन्स, ड्रायव्हरचे पितळी बिल्ले, गॅरेजची बिलं, पेट्रोलच्या पावत्या, फेकायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. ओळखीत कुणी म्हातारे मिस्त्री असतील तर जाऊन बसा त्यांच्यापाशी, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि आधी गाडीबद्दल विचारा, स्वतःबद्दल ते आपोआप बोलतात. आणि जुनी गाडी घेतलीच तर लगेच रंगाला टाकू नका, आधी जशी आहे तशी सगळ्या बाजूंनी टिपून ठेवा.

जुहूच्या रेसचे फोटो, पास, काहीही कुणाकडे असेल तर मला इनबॉक्स करा, मूळ कागद नकोत, नीट स्कॅन चालेल. कुर्ल्याच्या कारखान्यात काम केलेले कुणाचे काका, आजोबा असतील तर त्यांना विचारून नंबर द्या. पुढच्या रविवारी मी मोकळी आहे, डोंबिवली-कल्याण पट्ट्यात कुठेही येईन.