घोड्याला कोंबडीचं खाद्य घालू नका

दिवाळीच्या पाडव्याला मामांना फोन केला. बोलता बोलता ते त्यांच्या घोडीबद्दल म्हणाले, "मैनेसाठी नवीन खाद्य आणलंय. ब्रॉयलरचं. पण ती तोंडच लावत नाही बघ त्याला."

मी दोनदा विचारलं, कशाचं? त्यांनी दोनदा तेच सांगितलं. मग ज्यात हे लिहिलंय तो निरोप त्यांनी मला पाठवला. शहादा-नंदुरबार भागातल्या घोडेवाल्यांच्या गटांमधून तो महिनाभर फिरतोय आणि मामांना एकाच दिवशी तिघांकडून आलाय. मथळा असा : 'घोडा पावडर खात नाही? ४० दिवसांत पहिलवान करा.' दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, घोड्यांचा मोठा बाजार, म्हणजे हातात दीड महिना. कुणाच्या घबराटीवर हा निरोप चालतोय ते उघड आहे.

मैना मामांची सहा वर्षांची घोडी, कुमैत (गडद तांबूस), पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), रेवाल चालीची (न उसळता झपझप चालणारी). पावसाळ्यानंतर तिची पाठ बसली, पुठ्ठे उतरले. मामांनी घोड्यांसाठीच बनवलेली प्रोटीन पावडर आणली. ती मिसळलेली चंदी, म्हणजे रोजचा दाणा, मैना हुंगायची आणि मान फिरवायची. अशा वेळी हा निरोप हाती पडला आणि मामा बाजारातून एक पोतं घेऊन आले. मी डॉक्टर नाही. पण लहानपणापासून मामांच्या या ठाणावर, घोडे बांधतात तिथे, वावरलेय, आणि तो निरोप वाचून माझे हात थरथरले. म्हणून एकेक मुद्दा घेते. सगळ्यात घातक तो आधी.

'ब्रॉयलर खाद्य द्या, सकाळी दोन किलो, संध्याकाळी दोन किलो. कोंबडी ४० दिवसांत तयार होते, घोडा का नाही?'

कोंबड्यांना आतड्याचा एक रोग होतो, कॉक्सिडिओसिस. तो होऊ नये म्हणून ब्रॉयलरच्या खाद्यात पुष्कळदा मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात. गाईम्हशींच्या काही खाद्यांतही मोनेन्सिन असतं, त्यांनाही ठरलेल्या मात्रेत चालतं. घोड्याला ते विष आहे. पशुवैद्यकांचा जगभर वापरला जाणारा संदर्भग्रंथ म्हणजे 'मर्क व्हेटरनरी मॅन्युअल'. त्यातले मोनेन्सिनचे आकडे बघा. निम्मी जनावरं मरतील अशी मात्रा दर किलो वजनामागे कोंबडीसाठी सुमारे २०० मिलिग्रॅम, गुरांसाठी २० ते ८० मिलिग्रॅम आणि घोड्यासाठी फक्त २ ते ३ मिलिग्रॅम. सॅलिनोमायसिन त्याहून वाईट. घोड्यासाठी त्याची तीच मात्रा ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास आहे.

आता निरोपातला हिशोब करू. खाद्यात सॅलिनोमायसिन साधारण टनाला ६० ग्रॅम घालतात, म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅम. निरोपाप्रमाणे दिवसाला चार किलो घातलं की २४० मिलिग्रॅम पोटात गेलं. मैनेचं वजन चारशे किलोच्या आसपास. २४० भागिले ४००, उत्तर ०.६. एका दिवसात. हे गणित मी मामांना फोनवर करून दाखवलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

ही औषधं काय करतात तेही समजून घ्या, कारण निरोपाचा सगळा जोर 'मसल'वर आहे. ती स्नायूच्या पेशींमध्ये सोडियम घुसवतात, त्यामागून कॅल्शियम साचतं आणि पेशी मरतात. घोड्याच्या बाबतीत पहिला मार बसतो तो हृदयाच्या स्नायूला. घाम फुटतो, पोट दुखतं, मागचे पाय लटपटतात, नाडी धावते, लघवी गडद होते. काही जनावरं कसलंही लक्षण दिसायच्या आत मरतात. जी वाचतात त्यांचं हृदय अधू झालेलं असू शकतं, आणि महिन्यांनंतर पाठीवर माणूस बसलेला असताना ती कोसळू शकतात. यावर उतारा नाही. कुठल्याच डॉक्टरांकडे नाही.

कुणी म्हणेल, आमच्या दुकानातल्या खाद्यात हे औषध नसतं. नसेलही. पण सुटं, गोणीतून काढून दिलेलं खाद्य असेल तर तुम्हाला ते कळणार कसं? लेबल असलं तरी एकाच यंत्रात आधी औषधाचं आणि मग बिनऔषधाचं खाद्य निघालं तर आधीचं थोडं पुढच्यात उतरतं. घोड्यांवर हा प्रसंग परदेशातल्या मोठमोठ्या गिरण्यांच्या खाद्यातूनही आलेला आहे.

आणि मैनेने तोंड लावलं नाही त्याबद्दल. मोनेन्सिन मिसळलेलं खाद्य घोडे पुष्कळदा आपणहून नाकारतात किंवा अर्ध्यावर सोडतात. खाणं टाकणं हे विषबाधेच्या पहिल्या लक्षणांतलंही एक आहे. मामा तिला 'नखरेल' म्हणत होते. मला त्या घोडीच्या पाया पडावंसं वाटलं.

'खात नसेल तर दोन दिवस उपाशी ठेवा, मग काहीही खाईल.'

हा निरोपाचा पहिला मुद्दा आणि क्रूरपणात दुसरा. बैलाला कदाचित एक दिवस निभावेल, त्याच्या पोटात चाऱ्याचा साठा असतो. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने फार लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, पोटात चारा असो वा नसो. आम्ल मारणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. म्हणून घोडा मोकळा असला की दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. उपाशी ठेवलेल्या घोड्यांच्या जठरात दोन-तीन दिवसांत व्रण पडलेले संशोधकांनी पाहिले आहेत. आणि व्रण पडलेला घोडा पहिल्यांदा काय नाकारतो? चंदी. म्हणजे ज्या खोडीवर हा उपाय सांगितलाय तीच खोडी या उपायाने पक्की होते. शिवाय दोन दिवसांचा भुकेला घोडा टोपल्यावर तुटून पडला की घास अन्ननलिकेत अडकायची किंवा पोटशूळ उठायची भीती. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलं ते गेलं.

'तरीही नाही खाल्लं तर पावडर पाण्यात-तेलात कालवून बांबूच्या नळकांड्याने पाजा.'

मान वर ताणून घशात ओतलेलं तेल-पाणी श्वासनलिकेत उतरतं. तेल तर खोकलाही न येऊ देता फुप्फुसात जातं आणि त्यातून होणारा न्यूमोनिया घोडा मारतो. डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात औषध सोडतात ते शिकलेलं काम आहे, ठाणावर चार जणांनी दाबून धरून करायचं नव्हे.

'रोज बारा कच्ची अंडी आणि माणसांची जिमची पावडर.'

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, बाराची झाली पाऊणशे ग्रॅम. तेवढं प्रोटीन दोन किलो हिरव्या लसूणघासात मिळतं, जी घोडी आनंदाने खाते आणि जिच्यात साल्मोनेलाची धास्ती नाही. जिमची पावडर दुधाच्या निवळीपासून केलेली, तिच्यातलं प्रोटीन चांगलं, हे खरं. पण एका चमच्यात २४ ग्रॅम. चारशे किलोच्या जनावराला ते कुठे पुरणार? काही पावडरींत लॅक्टोज उरलेलं असतं, ते वयात आलेल्या घोड्याला नीट पचत नाही आणि लीद पातळ होते. चॉकलेटच्या स्वादाची असेल तर कोकोतलं थिओब्रोमिन अंगात जातं. शर्यतीच्या घोड्यात ते चाचणीला सापडलं की तो बाद.

'रात्री भिजवलेला हरभरा.' इथे मला मान डोलवावी लागतेय, मनाविरुद्ध. हरभऱ्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं, आणि धान्यांत ज्याची टंचाई असते ते लायसिन, प्रोटीनचा एक गरजेचा घटक, हरभऱ्यात बरं असतं. आपल्याकडच्या चंदीत हरभरा पिढ्यान्पिढ्या आहे तो उगाच नाही. पण निरोपात पाच किलो लिहिलाय, तोही एका वेळी. हरभऱ्यात पिष्ट भरपूर. एका वेळी एवढं पिष्ट गेलं की ते न पचता मोठ्या आतड्यात पोचतं, तिथे आंबतं, आणि मग पोटशूळ आणि खुरांचा दाह. मैनेला किलोभर, दोन वेळांत वाटून, पुष्कळ झाला.

'सेलेनियमची मात्रा दुप्पट करा.' सेलेनियम म्हणजे अंगाला कणभरच लागणारं खनिज. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या पोलो स्पर्धेच्या वेळी एकाच संघाचे २१ घोडे एका दिवसाच्या आत मेले. त्यांना टोचलेल्या पूरक औषधात सेलेनियमची मात्रा हिशोबात चुकून कित्येक पट पडली होती. मैनेला दिवसाची गरज एक मिलिग्रॅमच्याही आत आहे. याहून जास्त यावर लिहायची गरज नाही.

'४० दिवस बांधून ठेवा, फिरवल्याने मांस जळतं.' उलट आहे सगळं. कामाशिवाय स्नायू वाढत नाही, मग प्रोटीन कितीही घाला. बांधलेल्या घोड्यावर चढते ती चरबी. यात्रेत तिला कुणी भराव समजून पैसे मोजेलही, पण पाठीचा कणा धरणारा स्नायू तो नव्हे. गरजेपेक्षा जास्त प्रोटीन मोडून लघवीवाटे जातं. घोडी जास्त पाणी पिते, ठाण ओलं राहतं, आणि अमोनियाचा तो उग्र वास डोळ्यांत आणि फुप्फुसात जातो. मैनेला रोज तापीकाठच्या उतारावर चाल आणि हलकी रपेट, एवढ्यानेच पाठ भरायला सुरुवात होईल.

आता किती प्रोटीन लागतं ते, कारण निरोपात एकही आकडा खरा नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००७ साली घोड्यांच्या पोषणाची कोष्टकं सुधारून काढली, आजही पुष्कळ ठिकाणी तीच वापरतात. त्यांच्या हिशोबाने चारशे किलोच्या, काम नसलेल्या प्रौढ घोड्याला दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम प्रोटीन आणि त्यात २१-२२ ग्रॅम लायसिन. जड काम करणाऱ्यालाही ७०० ग्रॅमच्या आत. नुसत्या ज्वारीच्या कडब्यावर आणि कोंड्यावर हे भागत नाही, मामांची शंका तिथवर बरोबर होती. पण पाच किलो हिरवी लसूणघास, किलोभर हरभरा आणि थोडी सोयाबीनची पेंड यांत मोठी तूट भरून निघते. पेंड भाजलेली, शेकलेलीच हवी. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारा घटक असतो.

आणि मैना पावडर का खात नव्हती? पाडव्यानंतर चार दिवसांनी मी गेले. ठाणापाशी चघळून टाकलेल्या कडब्याचे बोळे पडले होते. मामा रोज ते झाडून टाकत होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी जबडा उघडून पाहिला तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झालेल्या, गाल आतून सोललेला. बसलेल्या पाठीचं अर्धं कारण तिथेच होतं. त्यांनी कानशीने कडा घासल्या, सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगासाठी रक्त तपासलं (नव्हता), जंताचं औषध दिलं. निरोपात दात हा शब्द एकदाही आलेला नाही.

पावडरचं म्हणाल तर तिलाही वास असतो. मेथिओनिन (हाही प्रोटीनचा एक घटक) मिसळलेलं असलं की गंधकासारखा. घोडा अनोळखी वासाला बिचकतो, आणि सगळ्या चंदीत ते मिसळलं तर तो चंदीसुद्धा सोडतो. म्हणून चंदी वेगळी, पावडर वेगळ्या छोट्या घमेल्यात, मूठभर ओल्या कोंड्यात. पहिल्या दिवशी चिमूटभर. दर दोन दिवसांनी थोडी जास्त. पूर्ण मात्रेला दहा-बारा दिवस लागू द्या. पिण्याच्या पाण्यात कधीही नाही, पाणी सोडलं तर दुसरंच संकट. डबा घट्ट बंद. आपल्या दमट हवेत पेंडीची पावडर खवट होते, आणि खवट आपल्याआधी घोड्याला कळतं.

स्वादाचं एक सांगते. ब्रिटनमध्ये ठाणबंद घोड्यांना वेगवेगळ्या स्वादांची चंदी देऊन पाहिली होती, २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पहिली आली मेथी. दुसरं केळं. जिरंही पहिल्या आठांत. आपल्या फडताळातल्याच वस्तू. मैनेच्या कोंड्यात आम्ही अर्धा चमचा मेथीदाण्याची पूड घातली. पहिल्या दिवशी तिने नुसतं हुंगलं, तिसऱ्या दिवशी घमेलं चाटलं. अकराव्या दिवशी पूर्ण मात्रा गेली. यात्रेला तिला न्यायचं की नाही हे मामांनी अजून ठरवलेलं नाही.

पोतं त्यांनी गावातल्या पोल्ट्रीवाल्याला देऊन टाकलं. पण निरोप अजून फिरतोय, आणि प्रत्येक ठाणावरचं जनावर मैनेसारखं तोंड फिरवेलच असं नाही. तुमच्याकडच्या घोड्याने असं खाद्य थोडंही खाल्लं असेल तर राहिलेलं लगेच उचला. त्याला पळवू नका, फिरवू नका, बघायला माणसं जमवू नका, सावलीत बांधल्या जागी शांत उभं राहू द्या. डॉक्टरांना फोन करून 'घोड्याने कोंबडीचं खाद्य खाल्लंय, किलो इतके, वाजले इतके' असं सांगा आणि पोत्यावरचं लेबल शब्दन् शब्द वाचून दाखवा. लेबल नसेल तर मूठभर खाद्य पिशवीत बांधून ठेवा, तपासायला लागेल.