सगळे पैसे भरले, तरी १,८९३ चं बिल

गेल्या आठवड्यात क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट आलं आणि माझं डोकंच फिरलं. मागच्या महिन्यात २४ तारखेला मी सगळेच्या सगळे १,१६,२०० भरून टाकले, एक रुपया ठेवला नाही, घरी येताना पेढे आणले, आणि आता हे म्हणतायत अजून १,८९३ द्या. कस्टमर केअरला अर्धा तास ती टुंगटुंग ऐकली, मग एक पोरगा एकदम मधाळ आवाजात म्हणतो, मॅडम स्टेटमेंट १२ ला जनरेट झालं, पेमेंट तुम्ही २४ ला केलं, मधल्या बारा दिवसांचं व्याज आहे ते. अरे मग 'टोटल ड्यू' असं ठसठशीत कशाला छापता? टोटल म्हणजे टोटल नसतं हे कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि हे व्याज म्हणजे किती, तर महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला कसं गोंडस वाटतं ना, साडेतीन. वर्षाचे झाले ४२. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे मी कर्जात बुडतेय त्याचाही टॅक्स.

मुळात कार्डवर सव्वा लाख झाले कसे ते पण सांगते, खोटं कशाला बोलू. अर्धे बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनचे, कारण रूमचं भाडं पॉलिसीच्या लिमिटच्या वर गेलं म्हणून इन्शुरन्सवाल्यांनी सगळ्याच बिलाला कात्री लावली (त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आज बीपी तेवढं पुरणार नाही). उरलेले अर्धे माझेच. भावाचं लग्न, पैठणी, फ्रिज, 'वापरू आत्ता, बघू नंतर'. चूक माझी आहे, मान्य. पण चूक झाल्यावर बाहेर पडायचा रस्ता तरी सरळ ठेवाल की नाही?

ॲप उघडलं की मोठ्ठं हिरवं बटण, 'मिनिमम ड्यू' (म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम) भरा, फक्त ६,२००. मला वाटलं वा, सोय केलीये बिचाऱ्यांनी. सहा महिने इमानदारीत भरले. एकूण छत्तीस हजारांच्या वर गेले माझ्या पगारातून आणि मुद्दल कमी झालं किती, तर सात-आठ हजार! कारण सव्वा लाखावर महिन्याचं व्याज आणि जीएसटी मिळूनच पाच हजारांच्या वर जातात, राहिलं काय तर हजार-बाराशे. दात कोरून पोट भरायचा प्रकार नुसता. आणि एकदा का पूर्ण बिल भरलं नाही की ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे पण विसरायचं, त्यानंतर कार्डवर दूध घेतलं तरी दुधाला त्याच दिवसापासून व्याज. नशीब माझं की पहिल्याच महिन्यात कार्ड कपाटात टाकलं होतं.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. बँकेचाच फोन, मॅडम ईएमआय करून घ्या ना, महिन्याला फक्त सव्वा टक्का. हा सव्वा टक्का फ्लॅट की रिड्युसिंग असं विचारलं तर पलीकडे शांतता. फ्लॅट म्हणजे मी मुद्दल फेडत गेले तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पहिल्या रकमेवरच, आणि प्रोसेसिंग फी वेगळी, त्या व्याजावर पुन्हा जीएसटी आहेच, आणि लवकर फेडायला गेलं की फोरक्लोजर चार्ज. लवकर पैसे परत दिले म्हणून दंड!! बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे कार्डची बाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डवर हलवायला गेले तर तिथे सुरुवातीचे काही महिने स्वस्त आणि नंतर परत तेच दर, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पर्सनल लोन खरं तर बरं पडलं असतं, पण कार्डचं लिमिट जवळजवळ पूर्ण वापरलेलं, त्यामुळे सिबिल (कर्ज कसं फेडतो त्याचा स्कोअर) घसरलेला, त्यामुळे दर वाढवून सांगितला. ज्याला गरज आहे त्यालाच महाग द्यायचं, असं आहे हे सगळं.

आणि ते इन्स्टावरचे सेटलमेंटवाले! कोट घालून, मागे तिरंगा लावून, 'तुमचं कर्ज अर्ध्यावर आणतो'. मी पण एकदा फोन केलाय, हसू नका. म्हणे आधी आमची फी भरा आणि उद्यापासून हप्ते भरायचे पूर्ण बंद करा. म्हणजे लेट फी माझी, रिकव्हरीवाल्यांचे फोन मला, आणि शेवटी सिबिलमध्ये 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलेलं, असा शिक्का, तो बघून पुढे होम लोनवाला दारातूनच परत पाठवणार. ज्याची नोकरी गेलीये, ज्याला खरंच शक्य नाही, त्याने बँकेशी स्वतः बोलून सेटलमेंट करावी, लेखी पत्र घेऊनच पैसे भरावेत, त्यात काही पाप नाही. पण हे दलाल कशाला मध्ये? रिकव्हरीवाल्यांचं पण सांगते, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांनी फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून लिहून ठेवलंय. माझ्या मैत्रिणीला रात्री साडेनऊला यायचे, तिने कॉल लॉगचे स्क्रीनशॉट लावून बँकेला ईमेल टाकला, मग थांबले.

बाकी कोर्टाकडून काही होईल असं वाटत असेल तर विसरा. ३० टक्क्यांच्या वर व्याज म्हणजे अनुचित प्रथा असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं, ते सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलं. गावाकडच्या परवानेवाल्या सावकाराने किती व्याज घ्यायचं ते सरकार ठरवून देतं, आणि इकडे एसीत बसून ४२ टक्के घेतात ते रिवॉर्ड पॉइंट देतात म्हणून सभ्य!

शेवटी सुटले कशी, तर आईमुळे. तिला सांगायलाच मला सहा महिने लागले, आणि त्या लाजेची किंमत जवळजवळ तीस हजार. तिने ऐकून घेतलं, उठली, कपाटातून पाटल्या काढून समोर ठेवल्या. मी म्हटलं अगं नको, त्या आजीच्या आहेत. तर म्हणते, "कपाटात पडून काय व्याज देतायत का त्या तुला?" दुसऱ्या दिवशी त्या तारण ठेवून सोन्यावर कर्ज घ्यायला साध्या सरकारी बँकेत गेलो, तिथल्या सराफाने घासून-वजन करून बघितलं, दुपारपर्यंत पैसे खात्यात. वर्षाला दहा टक्के, म्हणजे त्याच रकमेवर महिन्याला व्याज हजाराच्या आत. पाच हजार कुठे आणि हजार कुठे! आता जे सहा हजार मिनिमम ड्यूच्या नावाने जायचे तेच तिकडे टाकतेय आणि प्रत्येक वेळी मुद्दल खरंच खाली येताना दिसतंय. ऑफिसातल्या एकीने पगारदार पतसंस्थेतून असंच केलं, एकाने एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे उचल घेतली. पण हे कुठल्या ॲपमध्ये हिरव्या बटणावर येत नाही, कारण यात कार्डवाल्यांना मिळतं काय?

असो. ते १,८९३ पण फेकले तोंडावर आणि लगेच कार्ड बंद करायचा अर्ज टाकला. तर फोन, मॅडम लिमिट वाढवून देतो, वार्षिक फी माफ करतो, बंद नका करू. मी म्हटलं बाळा, बाकी शून्य असताना अर्ज आला की सात वर्किंग डेजमध्ये कार्ड बंद करायचं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये मला द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, वाचून घे. दोन सेकंद गप्प झाला.

आज चौथा दिवस. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर फुल्या मारतेय, आई रोज सकाळी विचारते, "आले का गं पाचशे?"