विज्ञान खाते वाट्याला आल्यास

उद्या केंद्रात आपल्या वाट्याला विज्ञान व तंत्रज्ञान खाते आले, तर घाबरून जाण्याचे मुळीच कारण नाही. प्रयोग शास्त्रज्ञांनी करायचे असतात आणि आपण धोरण आखायचे असते, अशी या खात्यातील कामाची वाटणी आहे. धोरणांचा वारसाही घसघशीत आहे. १९५८ चा वैज्ञानिक धोरण ठराव, १९८३ चे तंत्रज्ञानविषयक निवेदन, २००३ चे विज्ञान व तंत्रज्ञान धोरण आणि त्यात नवोन्मेषाची भर घालणारे २०१३ चे धोरण कपाटात आहेच. शिवाय २०२० च्या पाचव्या धोरणाचा मसुदाही आहे आणि तो मसुदाच राहिल्यामुळे कोऱ्या नोटेसारखा करकरीत आहे.

आपल्या पहिल्या भाषणात संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांपर्यंत नेण्याचा निर्धार व्यक्त करावा. हे उद्दिष्ट अत्यंत टिकाऊ आहे. २००३ च्या धोरणाने ते दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस गाठायचे ठरवले होते आणि २०१३ च्या धोरणाने, खासगी क्षेत्राने हात दिल्यास, पुढच्या पाच वर्षांत. २०२०-२१ मध्ये प्रत्यक्ष खर्च ०.६४ टक्के भरला, त्यामुळे आपल्यालाच काय, आपल्यानंतरच्या दोन-तीन मंत्र्यांनाही हा निर्धार नव्याने व्यक्त करता येईल. एखाद्या खवचट सदस्याने चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या घरात असल्याचे सभागृहात काढलेच, तर शांतपणे खासगी उद्योगांकडे बोट दाखवावे. त्या देशांत संशोधनाचा मोठा भार कंपन्या उचलतात आणि आपल्याकडे त्यांचा वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास आहे, ही गोष्ट खरीच आहे. खरी सबब सहसा हाताला लागत नाही, तेव्हा ती जपून वापरावी.

घोषणा नेहमी पाच वर्षांच्या बेरजेने करावी आणि तरतूद मात्र दर वर्षी बेताबेताने. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, तेव्हा पाच वर्षांचे पन्नास हजार कोटी रुपये ठळक अक्षरांत छापून आले. त्यांतील सुमारे छत्तीस हजार कोटी उद्योग, दानशूर व्यक्ती आणि इतरांकडून यायचे आहेत, हा तपशील ज्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली त्यांनाच कळला. दुसऱ्याच्या खिशातील पैशांचा अंतर्भाव आपल्या घोषणेत करण्याची ही पद्धत आपण अवश्य आत्मसात करावी.

मंगळयान सुमारे साडेचारशे कोटी रुपयांत मंगळाला पोहोचले आणि प्रवासाचा दर किलोमीटरमागे रिक्षाभाड्यापेक्षा कमी पडला, याचे कौतुक जगभर झाले. ते योग्यच होते. आपण मात्र त्यातून इतकेच घ्यावे की ज्यांना कमी पैशांत जमते त्यांना अधिक पैसे देण्याचे कारण उरत नाही.

तथापि विज्ञानाची खरी जोपासना खरेदी विभागात होते. समजा, एखाद्या सरकारी प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंप जळाला. संशोधकाने प्रथम मागणीपत्र भरावे, मग वस्तूचा तांत्रिक तपशील अशा बेताने लिहावा की हवा तोच पंप मिळेल पण तोच हवा आहे असे दिसणार नाही. त्यानंतर सरकारच्या जेम पोर्टलवर, जेथे खुर्च्या आणि झाडूही मिळतात, तो पंप शोधावा आणि सापडला नाही तर तेथे तो मिळत नसल्याचा दाखला त्याच पोर्टलवरून काढून फाइलला जोडावा. पुढे निविदा निघते आणि सर्वांत कमी दराचा, म्हणजे एल-वन, पुरवठादार विजयी होतो. त्याचा पंप बसतो, घरघरतो आणि काही महिन्यांत नव्या मागणीपत्राला विषय पुरवतो. दरम्यान पीएचडीच्या विद्यार्थ्याला सरकारी खर्च-खरेदीचे सामान्य वित्तीय नियम तोंडपाठ होतात, हा लाभ हिशेबात कोणी धरत नाही. १८ जुलै २०२२ पासून सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरील जीएसटीची सवलत काढून तो पाच टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर नेण्यात आला, त्यामुळे एका खात्याने दिलेल्या अनुदानाचा काही भाग दुसऱ्या खात्यात सुखरूप परत येऊ लागला.

जून २०२५ मध्ये सरकारने खरेदीचे हे नियम सैल केले. संचालकांना जेमबाहेर खरेदीची मुभा मिळाली, थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि दोनशे कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांचे अधिकारही संस्थाप्रमुखांकडे आले. यामुळे आपण खचून जाऊ नये. लेखापरीक्षकाची भीती कोणत्याही परिपत्रकाने काढून घेतलेली नाही. मुभा असली तरी ती वापरण्यासाठी सही लागते आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेला संचालक अशी सही करण्यापूर्वी बहुधा एक समिती नेमतो.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत जेआरएफचे, म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे, उदाहरण समोर ठेवावे. २०२३ मध्ये ती दरमहा एकतीस हजारांवरून सदतीस हजारांवर गेली आणि वाढीची बातमी सर्वत्र झाली. रक्कम वेळेवर खात्यात पडण्याची बातमी होत नसते, म्हणून तिकडे फारसे लक्ष देऊ नये. घरमालक पुण्याचा असो वा बंगळुरूचा, त्याला विज्ञानाविषयी आदर असतोच.

सरतेशेवटी, ‘तत्त्वतः मंजुरी’ या साधनावर प्रभुत्व मिळवावे. कृष्णविवरांच्या टकरीतून अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या शोधाची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली. शोधनिबंधाच्या लेखकांत आपल्याकडील संस्थांचे शास्त्रज्ञही होते. अवघ्या सहा दिवसांत मंत्रिमंडळाने या लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली आणि पुढे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळची जागाही निवडली गेली. पुढल्याच वर्षी त्या शोधाला नोबेल मिळाले, पण सुमारे सव्वीसशे कोटींच्या प्रकल्पाची अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडले. त्याच वर्षी मे महिन्यात पायाभरणी झाली, तीही दूरदृश्य प्रणालीने. उद्घाटनाचा मान अजून शिल्लक आहे आणि तो आपल्याकडे येऊ शकतो. तेव्हा मात्र गाड्यांचा ताफा बराच अलीकडे थांबवावा, कारण प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपण्यासाठी बांधलेल्या यंत्राने कृष्णविवरांच्या आधी मंत्रिमहोदयांच्या आगमनाचीच नोंद केली, तर तिच्यावरही एक समिती नेमावी लागेल.